सात कुबड्यांचा मनोरा आणि एक सभ्य भूत

माद्रिदमधला जुगाराचा अड्डा आणि एकोणिसाव्या शतकाची अखेर. रूलेटच्या मेजाभोवती गर्दी जमली आहे आणि त्या गर्दीत बासिलिओ बेल्त्रान नावाचा एक तरुण खिशातले मोजके पैसे चाचपत उभा आहे. पलीकडच्या बाजूला काळ्या पोशाखातला, एका डोळ्याने अधू असलेला एक वयस्क गृहस्थ हातातली काठी पुढे करतो आणि मेजावरच्या एका आकड्यावर टेकवतो. बासिलिओ त्या आकड्यावर पैसे लावतो आणि जिंकतो. काठी पुन्हा उचलली जाते, दुसऱ्या आकड्यावर टेकते आणि बासिलिओ पुन्हा जिंकतो. इतक्या माणसांच्या नाकासमोर ही काठी नाचते आहे आणि तरी ती कोणालाच खटकत नाही, हे त्याच्या जरा उशिरानेच लक्षात येते. काठीचा मालक मेलेला आहे आणि तो बासिलिओखेरीज दुसऱ्या कोणालाही दिसत नाही.

स्पेनमध्ये 1944 साली प्रदर्शित झालेल्या 'ला तोर्रे दे लोस सिएते होरोबादोस' या कृष्णधवल चित्रपटातला हा प्रसंग मी आजवर निदान सहा-सात वेळा पाहिला असेल. नावाचा अर्थ 'सात कुबड्यांचा मनोरा'. मराठीत 'कुबडा' आणि 'कुबडी' या दोन्ही शब्दांचे षष्ठीचे अनेकवचन एकसारखेच होत असल्यामुळे हे नाव पहिल्यांदा मनात मराठीत आले तेव्हा सात कुबड्यांवर कसाबसा तोललेला एक मनोरा डोळ्यांपुढे उभा राहिला होता. प्रत्यक्षात मनोरा वर जात नाही आणि कशावर तोललेलाही नाही. तो जमिनीखाली जातो. पण तिथवर पोहोचायला चित्रपटाला बराच वेळ लागतो, आणि खरे सांगायचे तर तोवरचा भागच मला अधिक प्रिय आहे.

दिग्दर्शक एदगार नेविल यांनी बासिलिओला एक गुण असा दिला आहे की ज्यामुळे पुढची सगळी गंमत शक्य होते. तो कमालीचा शकुन-अपशकुन मानणारा आहे. भुताच्या गोष्टीत एक टप्पा हमखास येतो आणि तो मला नेहमी कंटाळवाणा वाटतो: नायकाला भूत दिसते, मग त्याला भास झाला असे वाटते, मग इतरांना तो वेडा वाटतो, मग तो स्वतःला चिमटे काढतो आणि या सगळ्यात कथेची वीस-पंचवीस मिनिटे खर्ची पडतात. बासिलिओच्या बाबतीत हे करावेच लागत नाही. ज्याच्या मनात अदृश्य नियमांची मोठी वही आधीपासून भरलेली आहे, त्याच्या वहीत भुतासाठी एक ओळ सहज निघते. अंधश्रद्ध माणूस भुताला सर्वांत आधी घाबरेल असे आपण गृहीत धरतो. नेविल म्हणतात की तोच सर्वांत आधी त्याच्याशी बोलायला लागेल. मला हे निरीक्षण विनोदी कमी आणि अचूक जास्त वाटते.

स्पॅनिश लोकसमजुती ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यातला आणखी एक थर दिसतो. एखाद्याच्या मागे दुर्दैव हात धुऊन लागले असेल तर 'याच्याकडे एकाक्षाने पाहिलेले दिसते' अशा अर्थाचा वाक्प्रचार स्पॅनिशमध्ये आजही वापरतात. म्हणजे एका डोळ्याचा माणूस हा ठरलेला अपशकुन. उलट कुबड असलेला माणूस दिसणे शुभ मानले जाई, आणि सोडतीचे तिकीट त्याच्या कुबडावर हळूच घासले तर बक्षीस लागते अशीही समजूत होती. आता चित्रपट पाहा: एकाक्ष गृहस्थ नायकाच्या ओंजळीत पैसे टाकतो, आणि कुबड असलेली माणसे त्याच्या जिवावर उठतात. नायकाने आयुष्यभर पाठ केलेले दोन्ही नियम नेमके उलटे ठरतात. ही उलटापालट कोणतेही पात्र बोलून दाखवत नाही. ती 1944 च्या स्पॅनिश प्रेक्षकाला सांगावी लागली नसेल, आणि परदेशी प्रेक्षकाला ती सबटायटल्समधून कळत नाही. मला ती तिसऱ्यांदा पाहताना कळली, आणि मग चौथ्यांदा पाहणे भाग पडले.

बासिलिओ जुगाराच्या मेजापाशी मुळात कशासाठी गेला, हेही सांगायला हवे. 'ला बेया मेदुसा' अशा रुबाबदार नावाने रंगमंचावर गाणाऱ्या एका बाईवर त्याचे मन जडले आहे आणि तिला जेवायला न्यायचे आहे. पण तिच्याबरोबर तिची आई येणार, आणि आईची भूक ही एक स्वतंत्र आपत्ती आहे. खुलिया लाखोस या अभिनेत्रीने ही आई अशी काही रंगवली आहे की तिच्यापुढे पुढचे सगळे खलपुरुष फिके पडतात. प्रेमासाठी माणूस जुगार खेळतो असे आपण पुष्कळदा ऐकतो; इथे तो प्रेयसीच्या आईच्या जेवणाच्या बिलासाठी खेळतो. परलोकाशी त्याचा संबंध जुळतो तो या इतक्या क्षुल्लक निकडीतून.

भुताचे नाव डॉन रॉबिन्सन दे मान्तुआ. 'डॉन' हा शब्द आपल्याकडे गुन्हेगारी चित्रपटांमुळे बदनाम झाला आहे, परंतु स्पॅनिशमध्ये तो साधा आदरार्थी शब्द आहे, आपल्या 'पंत' किंवा 'राव' यांच्या जवळचा. डॉन रॉबिन्सन हयातीत पुरातत्त्वज्ञ होते. त्यांचा खून झाला, पण जगाने ती आत्महत्या मानली. आता त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: आपल्या मृत्यूचे खरे कारण उघडकीस यावे, आणि ज्यांनी आपल्याला मारले त्यांच्यापासून आपली पुतणी इनेस सुरक्षित राहावी. यांपैकी एकही गोष्ट त्यांना स्वतःला करता येत नाही, म्हणून त्यांनी एका अनोळखी तरुणाला गाठले आहे, आणि काम सांगण्याआधी रूलेटवर त्याचे भले करून ठेवले आहे.

त्यांचे वागणे पाहण्यासारखे आहे. मराठीत भुतांच्या जाती काही कमी नाहीत; समंध, मुंजा, हडळ, खवीस अशी मोठी वंशावळ आहे आणि प्रत्येकाची वसतिस्थाने आणि तऱ्हा ठरलेल्या आहेत. डॉन रॉबिन्सन यांतल्या कशातच बसत नाहीत. ते झपाटत नाहीत, पछाडत नाहीत, मानगुटीवर बसत नाहीत. ते भिडस्त आहेत. एखाद्या खानदानी गृहस्थावर उतारवयात कोणाकडे तरी शब्द टाकायची वेळ यावी, आणि त्याने ते काम शक्य तितक्या अदबीने, समोरच्याला अवघड वाटू नये अशा बेताने करावे, तसे त्यांचे सगळे चालते. मरणाने त्यांचे शरीर नेले, रीतभात नेली नाही. चित्रपटातला विनोद उगम पावतो तो या सभ्यतेतून. भूत जितके सौजन्याने बोलते तितके नायकाला 'नाही' म्हणणे कठीण होत जाते, आणि भीतीने जे काम झाले नसते ते भिडेपोटी होते.

अर्थात पैसे आधी देऊन मग काम सांगणे यात सौजन्यापेक्षा व्यवहार अधिक आहे, असेही कोणी म्हणेल. मला वाटते की नेविल यांना दोन्ही दिसत होते. बासिलिओ काही धीरोदात्त नायक नाही. त्याला पैशांची गरज होती, ते मिळाले, आणि आता त्याच्यावर उपकाराचे ओझे आहे. पुढे इनेसला पाहिल्यावर ओझ्याची जागा दुसरी भावना घेते आणि गाणाऱ्या बाईला तो सोयीस्करपणे विसरतो. चित्रपट त्याला यासाठी दोष देत नाही. आन्तोनिओ कासाल या अभिनेत्याच्या चेहऱ्यावर एक कायमचा गोंधळलेला भाबडेपणा होता, आणि त्यामुळे त्याचे हे सगळे खपून जाते.

आणि मग नेपोलियन येतो. रात्री बासिलिओच्या खोलीत भुताखेताची बोलणी सुरू असताना अचानक फ्रान्सचे सम्राट त्यांच्या ओळखीच्या टोपीसह हजर होतात, कारण आपल्याला इथे कोणीतरी बोलावले आहे अशी त्यांची समजूत झाली आहे. युरोपात कुठेही चारजण प्लँचेट करायला बसले की पहिले बोलावणे नेपोलियनला जाते, आणि बिचारा या हाकांना ओ देऊन देऊन थकला आहे. चुकीच्या पत्त्यावर आलो हे कळल्यावर तो निघून जातो. कथेच्या दृष्टीने या प्रसंगाची काडीमात्र गरज नाही. संकलकाने तो कापला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता, आणि चित्रपट निम्मा झाला असता. मृत्यूनंतरही नामांकित माणसांच्या मागचा ससेमिरा सुटत नाही, ही कल्पना काही क्षणांत येते आणि जाते. तिच्यावर कोणी टाळी मागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मृतात्म्यांशी संवाद साधण्याचे वेड सगळ्या युरोपात पसरले होते, त्यामुळे विनोद कथेच्या काळाला धरूनही आहे.

एक तांत्रिक बाब मला फार मोलाची वाटते. डॉन रॉबिन्सन बहुतेक वेळा आरपार दिसत नाहीत. ते इतर माणसांइतकेच घट्ट, त्यांच्याइतकेच सावल्या पाडणारे आहेत. रंगीत चित्रपटात भुताला निदान फिकट तरी करावे लागते. कृष्णधवल चित्रपटात जिवंत माणसेही करड्या रंगाचीच असतात, त्यामुळे मेलेला माणूस त्यांच्यात सहज मिसळून जातो. दिग्दर्शकाला भूत दाखवण्यासाठी काही करावेच लागत नाही, फक्त आजूबाजूच्या लोकांना त्याच्याकडे न पाहायला सांगावे लागते. जुगाराच्या मेजावरचा तो प्रसंग म्हणूनच इतका चांगला उतरला आहे: तिथे युक्ती कॅमेऱ्याची नाही, गर्दीतल्या साध्या साध्या नटांच्या नजरेची आहे.

आता नेविल यांच्याविषयी. त्यांचा जन्म 1899 चा, माद्रिदमधला. वडील इंग्रज अभियंते, आईकडून आलेला बेर्लांगा दे दुएरोचा सरदारकीचा किताब, आणि पेशा परराष्ट्र खात्यातला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनमधल्या वकिलातीत नेमणूक झाली असताना हा गृहस्थ हॉलिवुडला पोहोचला, चार्ली चॅप्लिनचा मित्र झाला आणि तिथल्या एका मोठ्या स्टुडिओत स्पॅनिश संवाद लिहू लागला. बोलपट नुकतेच आले होते आणि एकच चित्रपट निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या नटांना घेऊन पुन्हा पुन्हा चित्रित करण्याची पद्धत होती. स्पेनमध्ये त्यांचे मित्रमंडळ विनोदी लेखकांचे होते: एन्रिके हार्दिएल पोन्सेला, मिगेल मिउरा, तोनो, होसे लोपेस रुबिओ. कवी लोर्का आणि त्यांच्या समकालीन कवींना '27 ची पिढी' (म्हणजे 1927 ची) म्हणतात, म्हणून या मंडळींना पुढे '27 ची दुसरी पिढी' असे नाव पडले. तर्काला गंभीर चेहऱ्याने एक पाऊल पुढे नेऊन सोडून द्यायचे आणि तो कुठे जाऊन पडतो ते पाहायचे, ही या सगळ्यांची आवडती रीत होती. मिउरा यांनी 1941 मध्ये सुरू केलेल्या 'ला कोदोर्निस' या विनोदी साप्ताहिकात नेविलही लिहीत असत, आणि चुकीच्या पत्त्यावर आलेला नेपोलियन हा त्या साप्ताहिकाच्या पानावर सहज शोभला असता.

मेलेल्या माणसाने घरच्यासारखे परत यावे, ही कल्पना त्या काळच्या स्पेनमध्ये जणू हवेतच होती. हार्दिएल पोन्सेला यांनी 1939 मध्येच रंगभूमीवर एक मृत नवरा परत आणला होता, जो आपल्या बायकोच्या नव्या संसारात लुडबुड करतो. पाठोपाठ 1945 मध्ये दोन चित्रपट आले: होसे लुईस साएन्स दे एरेदिया यांच्या 'एल देस्तिनो से दिस्कुल्पा'मध्ये मेलेला मित्र जिवंत मित्राला सांभाळायला परत येतो, आणि राफाएल खिल यांच्या 'एल फान्तास्मा इ दोन्या ख्वानिता'मध्ये भूत प्रेमात पडलेले असते, त्यातही आन्तोनिओ कासालच होता. स्पेनमधले यादवी युद्ध 1939 मध्ये संपले होते, जवळपास प्रत्येक घरात कोणीतरी गेले होते, आणि त्या जाण्याविषयी मोकळेपणाने बोलायची सोय सेन्सॉरने ठेवलेली नव्हती. अशा वेळी पडद्यावर मेलेली माणसे इतक्या प्रेमाने, इतक्या निरुपद्रवीपणे परत येतात, हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. हा माझा अंदाज आहे. त्या दिग्दर्शकांनी तसे ठरवून केले असा माझा दावा नाही.

नेविल यांचे भूत मात्र या सर्वांहून एका बाबतीत वेगळे आहे. इतर भुते प्रेमासाठी किंवा मैत्रीसाठी येतात. डॉन रॉबिन्सन यांना न्याय हवा आहे. त्यांच्या मृत्यूची नोंद चुकीची झाली आहे, आणि ती नोंद दुरुस्त झाल्याखेरीज त्यांना स्वस्थता नाही. 1944 च्या माद्रिदमध्ये चुकीच्या नोंदी झालेले मृत्यू किती असतील, याचा विचार प्रेक्षकांपैकी कोणाच्या मनात आला असेल तर तो त्याने मनातच ठेवला असणार.

कथा आता जमिनीखाली उतरते. जुन्या माद्रिदमध्ये मोरेरिया नावाचा, मध्ययुगात मूर, म्हणजे मुस्लिम लोकांची वस्ती असलेला चढउतारांचा आणि अरुंद गल्ल्यांचा भाग आहे. चित्रपटानुसार तिथल्या एका पडीक घरातून खाली जायची वाट आहे. 1492 मध्ये राजाज्ञेने ज्यूंना स्पेनमधून हाकलले गेले तेव्हा, चित्रपट सांगतो, काहीजण देश सोडून गेले नाहीत, तर शहराखाली खोदलेल्या दुसऱ्या शहरात लपून राहिले. आणि आता त्या विसरलेल्या शहरात डॉक्टर साबातिनो या सुसंस्कृत, संमोहनविद्या जाणणाऱ्या कुबड्या माणसाच्या हुकमतीखाली कुबड्यांची एक टोळी बनावट चलन तयार करते आहे. डॉन रॉबिन्सन यांना हे शहर सापडले होते, हाच त्यांचा गुन्हा.

ही अचाट कथा एमिलिओ कार्रेरे या माद्रिदच्या कलंदर कवीच्या कादंबरीतून आली आहे. त्या कादंबरीचीही एक कथा आहे. कार्रेरे यांनी ती पुरी केली नाही, आणि प्रकाशकाला हेसुस दे आरागोन या दुसऱ्या लेखकाकडून तिचा बराचसा भाग लिहून घ्यावा लागला, असे अभ्यासक सांगतात. एका नावाखाली दुसराच हात वावरतो आहे, हे भुताच्या कादंबरीला फारच साजेसे झाले.

मनोऱ्याचा देखावा हे चित्रपटाचे सर्वांत गाजलेले चित्र आहे. एक प्रचंड चक्री जिना भिंतीच्या कडेकडेने खाली खाली उतरत जातो. कमानी, कठडे, मधे काळी पोकळी. मनोरा उलटा करून जमिनीत रोवावा तसा. नेपथ्यकारांमध्ये पिएर शिल्ड हा रशियात जन्मलेला आणि फ्रान्समध्ये नाव कमावलेला कलावंत होता. स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएलच्या पहिल्या दोन चित्रपटांची नेपथ्ये त्याचीच. जर्मनीतल्या मूकपटांच्या तिरप्या सावल्यांचा संस्कार इथे उघड दिसतो, आणि पुष्कळ समीक्षक चित्रपटाची थोरवी इथेच शोधतात. मला तो जिना आवडतो, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट थरारक वाटते. वर गल्लीत शेजारणी गप्पा मारत आहेत, पोलीस आपल्या संथ चालीने तपास करत आहेत, नाटकगृहात गाणी चालली आहेत, म्हणजे माद्रिदच्या जुन्या सायनेते या लोकरंजक एकांकिकांत असते तशी सारी हसती-भांडती वस्ती आहे. आणि त्याच वस्तीच्या पायाखाली हे आहे. नेविल या दोन जगांत कुठलीही धुक्याची पायरी ठेवत नाहीत. साध्या घराचे दार, मग जिना, मग पाताळ.

माद्रिदच्या तेव्हाच्या प्रेक्षकांनी 1936 च्या नोव्हेंबरपासून 1939 च्या मार्चपर्यंत वेढ्यात राहिलेले माद्रिद अनुभवले होते, आणि बॉम्बहल्ल्यांच्या वेळी मेट्रोच्या भुयारी स्थानकांत आसरा घेतला होता. शहराखाली लपून राहणे म्हणजे काय हे त्यांना कादंबरीतून शिकायचे नव्हते. स्वतः नेविल युद्धापूर्वी प्रजासत्ताकाच्या बाजूचे होते आणि युद्धात प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या बाजूला जाऊन त्यांनी प्रचारपटही केले. वर एक चेहरा आणि खाली दुसरे शहर, हा विषय त्यांना परका नसणार.

चित्रपटाचे दोष झाकण्यात अर्थ नाही. शारीरिक व्यंगाला दुष्टपणाची खूण म्हणून वापरणे आज डोळ्यांत खुपते, आणि मघाशी सांगितलेली शकुनाची उलटापालट हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. साबातिनोच्या भूमिकेत गियेर्मो मारिन इतक्या मार्दवाने बोलतो की निदान एक कुबडा तरी माणूस म्हणून लक्षात राहतो. बाकीचे नुसतेच सरपटणारे आकार उरतात. ज्यूंच्या भुयारी शहराचा उल्लेख मात्र मला अनपेक्षितपणे संयत वाटला. सरकारी भाषणांत 'ज्यू आणि फ्रीमेसन यांचे कारस्थान' हा परवलीचा शब्द असण्याच्या काळात, भूमिगत सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, दाखवताना नेविल त्याला कारस्थानाचा वास येऊ देत नाहीत. ते आपली घरे सोडायला तयार नसलेल्या लोकांचे आश्रयस्थान होते, एवढेच सांगितले जाते. परंतु ते शहर गुन्हेगारांच्या हाती पडलेले दाखवले आहे, हेही विसरता येत नाही. इनेसला करण्यासारखे फारच थोडे आहे. संमोहित होणे आणि वाचवले जाणे यांपलीकडे पटकथा तिला काही देत नाही. आणि शेवट इतक्या घाईने उरकला आहे की पैसे संपले होते की कच्ची फिल्म, असा प्रश्न पडतो. तो शेवट मी सांगत नाही, पण ज्याने एवढ्या निगुतीने जिना उतरवला त्याला वर यायला आणखी पाच मिनिटे घेता आली असती.

प्रदर्शनाच्या वेळी या चित्रपटाचे फारसे स्वागत झाले नाही. विनोदी म्हणावा तर शेवटी अंधार, भयपट म्हणावा तर नेपोलियन. त्याला मान मिळाला तो फार उशिरा, पुढच्या पिढ्यांतल्या चित्रपटवेड्यांकडून.

शेवटी पुन्हा त्या काठीकडे येतो. डॉन रॉबिन्सनची भूमिका करणारे फेलिक्स दे पोमेस हे तरुणपणी बार्सिलोनाच्या संघातून फुटबॉल खेळलेले आणि 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीत उतरलेले खेळाडू होते. हे वाचल्यानंतर मी रूलेटचा प्रसंग पुन्हा लावून पाहिला. काठी पुढे येते तेव्हा खांदा हलत नाही, मनगट सैल राहते आणि टोक नेमक्या चौकोनावर, आवाज न करता, जाऊन थांबते. वय वाढलेल्या तलवारबाजाचा हात आहे तो. इतर कोणत्याही नटाने तीच काठी धरली असती तर ती आकडा दाखवणारी काठी वाटली असती. इथे ती वार केल्यासारखी पडते, आणि मेलेल्या माणसाच्या अंगी अजून काय शिल्लक आहे ते कळते.

आणि इनेस झालेली इसाबेल दे पोमेस ही त्यांची सख्खी मुलगी. चित्रपट झाला तेव्हा विशीतली. कथेतले भूत जिच्या काळजीने परत आले आहे, त्या पुतणीला ते दिसत नाही. ते फक्त बासिलिओला दिसते, आणि जे काही सांगायचे ते त्याच्यामार्फत सांगावे लागते. म्हणजे चित्रीकरणाच्या दिवसांत त्या मुलीचे काम इतकेच होते की वडील पडद्यावर वावरत असले तरी ते मुळी नाहीतच असे जगायचे, आणि वडिलांचे काम इतकेच की तिच्या वाटेत न येता तिला सांभाळायचे. आता मी चित्रपट लावतो तेव्हा संवादांपेक्षा जास्त लक्ष तिच्या नजरेकडे असते, की ती एखाद्या क्षणी चुकून तिकडे वळते का.